साहेबांच्या पाठीला पॉलिश पेपर

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच आडवा पडून घातलाय, का ते पुढे कळेलच.) तुझे गुडघे, लेकीचं बाळंतपण आणि नातीचं रडणं, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. साहेब जिवंत आहेत. हे आधीच लिहितोय, नाहीतर पत्र अर्धवट टाकून तू पहिल्या गाडीने निघशील. तुझ्या घरात तुझ्याखेरीज श्वास घेणारं ते एकच कासव, हे मी विसरलेलो नाही. तरीही जे व्हायचं ते झालंच.

साहेबांना माझ्याकडे सोपवून जाताना तू बजावलंस, खाली काहीतरी मऊ घाल. आता सुताराच्या घरात मऊ म्हणजे भुसा. खोकं वीतभर भरलं, तर साहेब शिंकायला लागले. (कासव शिंकतं, आत्या! मी हातातला रंधा खाली ठेवून ऐकत राहिलो.) धूळ बसावी म्हणून कारखान्यात मारतो तसा दोन्ही वेळा पाण्याचा हबका मारत गेलो, आणि वारा लागू नये म्हणून वर झाकण बसवलं, तेही असं घट्ट की मुंगी शिरू नये. माझं काम तुला माहीत आहे. हबक्यापुरती आणि पाल्यापुरती फट करायची, परत लावायचं. महिन्याभराने ते पुरतं उचललं तर कुबट वास, आणि कवचाच्या कडेने पांढरे चट्टे.

पण लाकडाला बुरशी आली तर सुतार काय करतो? घासतो आणि पॉलिश मारतो. साहेबांना बाकावर घेतलं आणि पॉलिश पेपरचे दोन हात फिरवले. साहेबांनी मान, पाय, शेपूट सगळं आत ओढून फुस्स केलं. मला वाटलं, आवडलं. पॉलिशचा डबा उघडणार तोच बायकोने मनगट धरलं, आणि तशीच आमची वरात प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली.

बाईंनी आधी साहेबांना पाहिलं, मग मला. म्हणाल्या, तुमची नखं याच पेपरने मुळापर्यंत घासू का? मी हादरलोच. कवच म्हणजे जिवंत हाड, आत्या! त्याला स्पर्श कळतो, दुखतं! जन्मापासून मी या प्राण्याला ओळखतो, आणि मला वाटायचं की ते वरून चढवलेलं काहीतरी आहे. शिवाय भुशाची धूळ डोळ्यांत आणि छातीत जाते, वासाच्या लाकडाचा भुसा तर फारच वाईट, आणि सततची ओल व कोंडलेली हवा मिळाली की बुरशी धरलीच. अजून थोडे दिवस गेले असते तर खोलवर पोचली असती, असं त्या म्हणाल्या. माझ्या घट्ट झाकणांचं आजवर सगळ्यांनी कौतुकच केलं होतं. मी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो आणि (बायको सांगेलच, म्हणून मीच सांगतो) चांगला रडलो.

आता खाली माती आणि नारळाच्या शेंड्यांचा चुरा, वरचा थर कोरडा, उकरायला एका कोपऱ्यात जराशी ओल, झाकणाऐवजी जाळी आणि रोज ऊन. साहेबांना अंघोळ घातली की मी त्यांना खाचाखोचांतून टिपून घेतो आणि बाईंनी दिलेलं औषध मऊ ब्रशने लावतो. चट्टे सुकलेत, खाणं दुप्पट झालंय. दोन ओरखडे मात्र राहतील. ते माझे. माझा कान उपट, पण तोंडभरून बोल. अबोला धरू नकोस.

अजून म्हणू देत असलीस तर, तुझाच
भाचा

ता. क. बाईंनी ऐसपैस जागा सांगितली म्हणून मागच्या खोलीतच साहेबांसाठी सहा बाय चारची पेटी ठोकली. ती आता दारातून बाहेर निघत नाही. आणि बरं होईपर्यंत जागा बदलायची नाही, अशी बाईंची ताकीद आहे. तेव्हा तिकडचं उरकलं की तू सामान घेऊन थेट इकडेच ये, राहायला. दहा वर्षं नुसतं ‘बघू’ म्हणतेस.

आणखी ता. क. एवढा जुना सुतार असा कसा चुकला, असं तू म्हणशील, म्हणून बायको शेजारी उभी राहून लिहायला लावतेय: पेटी करण्याआधी मी दार दोनदा मोजलं होतं.