होडी ढकलायला आमंत्रण

आई, आज सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. चहा दोनदा गरम केला आणि दोनदा तसाच ओतून दिला. बोईसरच्या या घरात चालायला जागा ती केवढी, पण दारापासून खिडकीपर्यंत माझ्या येरझारा चालूच आहेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बस गो एका जागी, पायाला भिंगरी लागलीय काय?" पण तूसुद्धा अशीच फिरत होतीस, आपल्या मुरबे गावच्या किनाऱ्यावर, बाबा गेले त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला. तेव्हाची तू मला आज फार दिसते आहेस.

बाबा चैत्रात तापाने गेले. पावसाळाभर होडी वाळूत वर ओढून, झावळ्यांखाली झाकून ठेवली होती. खलाशी तिला मोरी माशाचं तेल लावून जायचे, पण त्यांची मनं था‍ऱ्यावर नव्हती. तिकडे तारापूरला विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम निघालं होतं आणि रोजंदारीवर माणसं घेत होते. आमच्या तांडेलाने, खलाशांच्या म्होरक्याने, तुला तोंडावर सांगितलं होतं, "वैनी, पुनवंच्या उधानाला होडी पान्यात गेली तर आमी तुमचे. नायतर अवसेपरीन कोन बसून खाल?" होडी नुसती वाळूत राहिली असती तर खलाशी गेले असते, आणि खलाशी गेल्यावर होडी विकण्यावाचून काय उरलं असतं? तुला झोप नव्हती. मी कूस बदलली की तू अंधारातून विचारायचीस, "येतील ना गो लोक?"

आपल्याकडे होडी ढकलायला कधी कुणी कुणाला बोलावत नाही. तो उतार साऱ्या गावाचा. भरती चढली, कुणी होडीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाशी, उभं राहून आरोळी दिली, की ज्याच्या कानावर पडेल तो हातातलं जाळं टाकून येतो. शेजाऱ्याशी अबोला असला तरी येतो, खांदा लावतो आणि न बोलता परत जातो. बाबांनी उभ्या जन्मात कुणाला "या" म्हटलं नव्हतं. आणि तू काय केलंस? सणाच्या आदल्या दिवशी मला चांगलं लुगडं नेसवलंस, हळदकुंकवाची वाटी माझ्या हातात दिलीस, कारण तुझ्या हातून ती आता चालणार नव्हती, आणि घरोघर फिरलीस. तू दाराबाहेर उभी राहायचीस आणि लग्नाचं सांगावं तसं सांगायचीस, "उद्या दुपारी आमची होडी पान्यात जातेय, सगल्यांनी या बरं का, आगत्यानं या." बायका कुंकू लावून घेत होत्या आणि तुझ्याकडे विचित्र बघत होत्या. एक म्हातारी तर म्हणाली, "आमाला सांगायला लागतं काय गो?" मला वाटलं ती प्रेमाने म्हणते आहे.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आलं. सगळं! पुरुष धुतलेल्या सदऱ्यांत, बायका डोक्यात अबोलीचे गजरे घालून. मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांच्यासमोर तुझ्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, ते घडीचं धोतर नेसून आले. त्यांनी पूजा केली, नारळ फोडला, प्रसाद वाटला. आणि मग सगळे जाऊन उंडीच्या झाडाच्या सावलीत बसले. ओळीने, पंगतीला बसावं तसे.

पाणी चढतं आहे. ओंडके मांडून झालेत, तांडेल नाळेपाशी उभा राहून आरोळी देतो आहे. कुणी हलत नाही. खलाशी जोर लावतात, होडी वीतभर सरकते आणि रुतते. मी काकांजवळ जाते, हात जोडते. ते माझ्याकडे न बघता म्हणतात, "आमी आमंत्रनाचे पाव्हने, पोरी. पाव्हन्याला कोन काम सांगतं? तुज्या आयशीनं कुकू लावून बोलवलंय आमाला. परक्यावानी." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता विनवणी करावी तर ते दुसरं आमंत्रणच झालं असतं. तू होडीपासून सावलीपर्यंत आणि सावलीपासून होडीपर्यंत नुसती फिरत होतीस. पाणी तळाला लागलं, थांबलं. थोड्या वेळाने वाळूवर ओली रेघ सोडून ते मागे सरायला लागलं.

ती रेघ तू बघितलीस आणि मग जे तोंड सोडलंस!

"उठा रं मेल्यांनो! तुमच्या होड्या कोनी ढकलल्या आजपरीन? माज्या घोवानं ढकलल्या का नाय? आन आता ढुंगनाला वालू लावून बसलाव? आन तुमी, भावजी! धोतराची घडी मोडंल म्हनून बसलाव काय?"

पदर खांद्यावर, केस सुटलेले. मला वाटलं, संपलं आता, आपण गावातून उठलो. काका उठले. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि मागे वळून ओरडले, "आयकलं का? घरची बाय बोलावतेय!" अबोलीच्या गजऱ्यांसकट बायकासुद्धा धावल्या. होडी इतकी सरसर गेली की तांडेलाला पोहत जाऊन तिच्यावर चढावं लागलं.

रात्री तू मला जवळ घेऊन म्हणालीस, "भ्याले होते गो मी. वाटलं, ते गेले, आता आपल्याला कोन ओलकनार." तुला एवढं मोकळं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

काल तुझा नातू आला होता. यायच्या आधी फोन करून वेळ विचारली. मिठाईचा पुडा आणला, खुर्चीच्या कडेवर बसला, निघताना म्हणाला, "काही लागलं तर सांग हं, आई." मी म्हटलं, "नाही रे बाळा, सगळं आहे. सवडीने ये." मी त्याच्याशी नेहमी असंच बोलते. सुनेशीही. शिकले, मास्तरीण झाले, आयुष्यभर कुणाला चढ्या आवाजात बोलून दुखावलं नाही, याचा मला अभिमान होता.

हे तुझ्यापर्यंत पोहोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. आई, मला इथे एकटीला राहवत नाही. काल तो जिना उतरत होता तेव्हा मी कठड्याला धरून उभी होते. "मेल्या, मला घेऊन जा," एवढंच ओरडायचं होतं. तो खाली जाऊन वर बघायला लागला, तर मी हसून हात हलवला.