वॉरेनचं गिऱ्हाईक येतंय

ग्लेन,

नाताळ म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळा, म्हणून मुलांना घेऊन नगरपालिकेच्या तलावावर पोहायला चाललेय. आपल्या अंगणातल्या नव्या तलावाला भेग पडलीय, उरल्यासुरल्या हिरव्या पाण्यात बेडूक पोहतायत.

तो तलाव बांधणाऱ्या तुझ्या वॉरेनचा फोन होता. "लिनेट, नवं गिऱ्हाईक दुपारी तुमचा तलाव बघायला येतंय. चार शब्द बरे बोल हं!" बघ, लोक बांधकाम देण्याआधी जुनं काम बघतात. तू म्हणालास, "क्रिकेट क्लबातला दोस्त, त्याची काय परीक्षा घ्यायची!"

तेव्हा आज पाणी उपसू नकोस, भेग बुजवू नकोस. पाहुण्यांना चहा दे आणि अगदी काठावर बसव. त्याच वेळी वॉरेनलाही सॉसेज खायला बोलावलंय. आनंदाने येतोय बिचारा.

चार शब्द बेडूक बोलतील.

लिनेट