जर्मनचा गंज

प्रतापनगर, नागपूर
१२ डिसेंबर १९८५

प्रिय जयवंता,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल. अक्षर ओळखलंस का? दर संक्रांतीला तिळगुळाच्या पाकिटावर नाव-पत्ता तेवढा लिहिणारं हेच ते अक्षर. आज त्याला पत्त्याच्या पुढे जायचं आहे, म्हणून अडखळतंय.

इकडची खबरबात म्हणशील तर आमचे मनोहरराव रोज सकाळच्या बसनं खापरखेड्याला, वीज केंद्रावर. मी शाळेत. नववी-दहावीचं विज्ञान शिकवते, आणि पोरी माझ्या पाठीमागे मला 'तिखट बाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. काटोलच्या नणंदेनं संत्र्यांचं पोतं पाठवलं, पण यंदा संत्री इतकी आंबट की बोलता सोय नाही. एक सोललं की दुसऱ्याला हात लावायची हिंमत होत नाही.

बघ, मी काय लिहीत बसले! संत्र्यांचं सांगायला कोणी अठरा वर्षांनी पत्र लिहितं का?

परवा जिल्ह्याची विज्ञान स्पर्धा झाली. दोघा-दोघांचे संघ, आपल्या वेळेसारखेच. तिघा परीक्षकांत मी एक होते. निम्म्या पोरांनी विजेची घंटा करून आणलेली, त्यामुळे दिवसभर नुसतं ट्रिंग ट्रिंग. दुपारपर्यंत माझं डोकं उठलं होतं. मग भिवापूरच्या संघाचं नाव पुकारलं. लाल रिबिनीनं वेण्या वर बांधलेली एक सावळी पोर पुढे आली, हात मागे बांधले आणि तिनं आम्हालाच बजावलं, "सर, बाई, आधी एक सांगून ठेवतो. गंज म्हणजे पातेलं. जंग नव्हे. आता सुरू करतो."

माझ्या शेजारचे परीक्षक औरंगाबादचे. त्यांना मोठी मौज वाटली. म्हणाले, "हे तुला कोणी शिकवलं?"

"आईनं. आई म्हणे, तिथं आपल्यासाठी कोणी सांगत नसते, आपणच सांगून ठेवाव."

मी मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मागाहून पाहते तर तारीख लिहिली होती, तीही चुकीची.

काळ्या गंजात पाणी लवकर तापतं, त्यावरून तिनं मिरच्या वाळवायची पेटी केली होती. वर काच, आतून काजळी फासलेली. ती काजळी पाहिल्यावर मला यादीतलं नाव वाचायची गरज उरली नाही. तरी वाचलं. कु. वनिता रुपराव नखाते. जयवंते, तुझी लेक उभी राहते ती थेट तुझ्यासारखी, डावा पाय किंचित पुढे टाकून. मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. बाकीच्या पोरांना मात्र प्रश्न विचारून विचारून रडकुंडीला आणलं होतं मी.

आपल्या वेळचं तुला आठवत असेलच. मी आपली मला आठवतं तसं लिहिते, चुकलं तर सांग.

सदुसष्टचा जानेवारी. आपण दहावीत, तू गणेशपेठेत मामांकडे राहून शिकत होतीस. राज्याची स्पर्धा त्या साली नागपुरात भरली होती, आणि आपण विभागातून निवडून आलो होतो ते तुझ्या डोक्यामुळे. मामी तुला भांडी घासायला लावायची. एकदा तू चुलीवर काळा पडलेला गंज घासायचा टाळलास, तसाच पाणी भरून उन्हात ठेवलास. घासलेल्या गंजापेक्षा त्यातलं पाणी जास्त तापलं. मामीनं पाठीत धपाटा घातला, आणि तू दुसऱ्या दिवशी शाळेत थर्मामीटर मागायला आलीस. मी फक्त तक्ते काढले. माझं अक्षर चांगलं ना!

आणि मला हेही आठवतं की आपण शाळेच्या भिंतीवर बसून बोरं खात होतो आणि तू सांगितलंस, "बाबा म्हणते, राज्यात नंबर आला तर मॅट्रिक अन् कॉलेज. नाही तर घरी." बी थुंकून तू हसलीस. नंबर येणारच, अशी तुझी खात्री होती. माझीही होती.

शेवटच्या फेरीत वस्तू मंचावर न्यायच्या नव्हत्या. फळा, खडू आणि पाच मिनिटं. दोन्ही गंज बाहेर मैदानात उन्हात होते. आपल्या बाईंना सभागृहात बोलायची बंदी. परीक्षक पुण्याचे प्राध्यापक. तू म्हणालीस, "आमी दोन जर्मनचे गंज घेतले. एक काळा, एक घासलेला. दोन्ही गंजात पाणी भरलं."

त्यांनी चष्मा काढला. "मुली, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम ना? गंज चढतो लोखंडाला. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, हे सातवीत शिकवतात. आणि गंजात पाणी कसं भरलंस तू?"

सभागृह हसलं. पुढच्या रांगांत पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे संघ. मागे आपलीच नागपूरची पोरं होती, ज्यांच्या घरोघरी गंजात डाळ शिजते. तीही हसली. तुला कळेचना, हे काहून हसून राहिले. लोखंडावर चढतो तो आपल्याकडे जंग. पुस्तकातला गंज तुला त्या घाबऱ्या घटकेला कुठून आठवणार? तू आवाज चढवलास, "सर, गंज गंजच असते. गंजभर पाणी घेतलं!" तर लोक आणखी हसले.

आता इथे मी चहा करून आले. चहा हवा होता असं नाही.

तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या जोडीदारणीला काय म्हणायचं आहे?"

जयवंता, एकच वाक्य होतं. तुझ्या पोरीनं परवा म्हटलं तेवढंच. पण पुण्याच्या आत्यानं महिनाभर आधी पत्रातून मला दटावलं होतं, तिथं मले-तुले करशील तर लोक काय म्हणतील. मी आरशासमोर उभी राहून 'मला, तुला' घोकलं होतं. आणि मला वाटलं, गंज म्हणजे पातेलं असं मी सांगितलं, तर आमच्याही घरी गंजच म्हणतात हे या सगळ्यांना कळेल. ते तुला हसत होते, मग मलाही हसतील. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

मी म्हणाले, "मला माहीत नाही, सर."

'मला' अगदी शुद्ध आलं.

आपला नंबर गेला. सुरुवातीला संघाची ओळख मी करून दिली होती, तेवढ्यावर त्यांनी मला मात्र स्पष्ट बोलण्याचं प्रमाणपत्र दिलं. म्हणाले, "तुझी भाषा स्वच्छ आहे, नागपूरची वाटत नाहीस." आणि मला, शरम वाटते लिहायला, आनंद झाला होता. परत येताना तू काळा गंज कडेवर घेऊन चालत होतीस. तू विचारलंस, "तुले माहीत नव्हतं का वं?" मी म्हटलं, "त्या वेळी सुचलंच नाही." तू म्हणालीस, "होते असं." मार्चमध्ये तू भिवापूरला गेलीस ती गेलीसच. पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. मी प्रॅक्टिकलचं कारण सांगून आले नाही. प्रॅक्टिकल खरं तर पुढच्या आठवड्यात होतं.

वनिताचा संघ दुसरा आला; आता जिल्ह्यातले पहिले दोन थेट राज्याला जातात, म्हणजे तीही जाणार. मी तिला इतरांपेक्षा एकही गुण जास्त दिला नाही, भीतीपोटी कमीही दिला नाही, हे खरं मान. राज्याची स्पर्धा अठरा जानेवारीला इथेच नागपुरात आहे. परीक्षक बाहेरचे, मी नाही. आठ दिवस आधी तिला आणि तिच्या मैत्रिणीला माझ्याकडे पाठवशील का? थर्मामीटर देईन, तराजू देईन, खाऊपिऊ घालीन.

'उत्तर नाही दिलंस तरी चालेल' असं शेवटी लिहिणार होते. नाही चालणार. रागाचं दे, पण दे.

तुझी, जिले माहीत होतं ती,
इंदू


भिवापूर
२२ डिसेंबर १९८५

इंदे,

तुझं पत्र भेटलं. आम्ही खुशाल आहो. मिरची वाळवणं चालू आहे, हात जळून राहिले, म्हणून अक्षर असं. तुह्या अक्षरासारखं माझं कवाच नव्हतं म्हणा.

अवं, तुले काय वाटलं, मले माहीत नव्हतं? माय वं! तुमच्याच घरी तुह्या आईनं जर्मनच्या गंजातलं पिठलं मले वाढलं होतं, अन् तूच ओरडली होती, "आई, गंज खाली ठेव, पोळते!" तरी रस्त्यात मी तुले विचारलं. म्हटलं, आता तरी सांगशीन. तू म्हणाली, सुचलं नाही. बरं झालं बाई, अठरा वर्षांनी सुचलं!

माफ केलं असं मी लिहीत नाही. लिहिलं तर खोटं होईन. तू शाळा बंद केली असंही म्हणत नाही. बाबाले बहाणा पाहिजे होता. पण तो बहाणा तू त्याईच्या हातात देल्ला, अन् मले त्याचा लय राग होता. पोरगी पोटात होती तवाही होता. संक्रांतीचा तुझा तिळगुळ मी दरसाल खाल्ला, पण रागानंच खाल्ला.

तुझं पत्र मी वनिताच्या बाबाले वाचून दाखवलं नाही. वनितालेही नाही. तिले इतकंच माहीत आहे का नागपूरले आईची एक मैत्रीण आहे.

पोरगी पाठवतो. दहा तारखेले ती येईन, संग तिची जोडीदारीण. थर्मामीटर-बिर्मामीटर काय ते शिकव. तिखट बाई असशीन तर तिखटपणानं शिकव, पोरगी भिवापूरची आहे, तिले तिखटाचं भेव नाही. पण एक ध्यानात ठेवजो. तिचं बोलणं सुधारवू नको. तिथून येऊन ती माह्यासंग 'मला, तुला' कराले लागली, तर मी पहिली बस धरून तुह्या दारात उभी राहीन.

अन् अठरा तारखेले तू हॉलात बसजो. पुढं बसजो. सारं आधीच सांगून ठेवता येत नाही, एखादा शब्द राहूनच जाते. पोरगी अडली, कोणी हसलं, तर तू उभी राहजो. बोलाची बंदी असो, परीक्षक ओरडो, तुह्या शाळेचे साहेब पाहो. उभी राहून सांगजो, तिले काय म्हणायचं आहे ते. मले तुह्याकडून दुसरं काही नाही पाहिजे.

पोरीसंग गंज पाठवतो. तोच, काळा. इतके वर्ष अंगणात उन्हात हाच ठेवतो मी, अंघोळीचं पाणी याच्यातच तापते. वनिता पाच वर्षांची असताना हात घालून म्हणे, "आई, काळ्यातलं पाणी काहून तापते?" तवापासून आम्ही दोघी तेच करून राहिलो. गंजात मिरच्या भरल्या आहे, यंदाच्या. बाहेरून घासू नको.

अन् गंज परत रिकामा धाडायची रीत नाही, तुले माहीत आहे. माहीत नाही म्हणू नको. पोरीच्या हातानं पाठवू नको. तू घेऊन ये.

तुझी जोडीदारीण,
जयवंता