किल्ली कोणी ठेवली?

बाबा,

आजपासून तुमच्या लेथवर मी आहे. पंपाचे बत्तीस शाफ्ट काढले, एकही रिजेक्ट नाही. शेताकडे निघालेले लोक ट्रॅक्टर थांबवून वर्कशॉपच्या खिडकीतून बघत होते. बघू देत की!

नव्याने लागलेल्या दोघी बायकांना पहिला धडा दिला, तोही तुमचाच: जॉब पकडणाऱ्या चकात तो आवळायची किल्ली असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही. त्यातली एक फटकळ. म्हणाली, "ताई, तुमचीच किल्ली उडाली होती ना? हीच काच फुटली म्हणे."

"हो, माझीच," मी म्हटलं.

बाबा, तुमच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. जॉब तुम्ही आवळलात, किल्ली चकातच ठेवून वळलात आणि म्हणालात, "सुरू कर गं." मी न बघता बटण दाबलं, तेवढी चूक माझी. चक फिरला, किल्ली उडून खिडकीवर आदळली. सुपरवायझर ओरडत आले, "किल्ली कोणी ठेवली?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला खरंच आठवत नव्हतं.

मी म्हटलं, "मी."

मग सगळ्यांसमोर तुम्ही मला असं झाडलंत की बास. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, "तीस वर्षं, एक चूक नाही." सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

हे पत्र डब्याच्या पिशवीतच राहील. घरी पोचले की तुम्ही रोजच्यासारखं विचाराल, "किल्ली काढलीस ना?" आणि मी म्हणेन, "काढली, बाबा."

तीस वर्षांत एकही चूक न केलेल्या ऑपरेटरची
लेक