गुंड्याचे पाय आणि माझा बेस

४ जून, बुधवार

नाही जमत! डीजेने ट्रॅक दुसऱ्यांदा परत पाठवला. (सगळे त्याला बुलडोझर म्हणतात, आणि तो बोलतोही तसाच.) म्हणाला, "बेसला ठोसा नाही गं. नुसता चिखल झालाय." पुढच्या शनिवारी नव्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम आहे. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत बेस जमला तर माझा ट्रॅक लागणार. माझा पहिला! नाही जमला तर बसा घरी.

५ जून, गुरुवार

सिंथच्या पट्ट्या दाबून बेसचे, म्हणजे खर्जातल्या सुरांचे, तीन थर चढवले. आगीतून फुफाट्यात! वहिनी भिंतीपलीकडून ओरडली, "वन्सं, पीठ दळताय का?" चिडवायचं असलं की मी वन्सं होते.

७ जून, शनिवार

दादा-वहिनी बाजारात. गुंड्या माझ्याकडे. चार महिन्यांचा जीव, तोंडात दात नाही, पण रुबाब केवढा! त्याला माझ्या गादीवर टाकलं. गादी जमिनीवरच असते, मोठा स्पीकर तिला खेटून. बेस लावला — आणि पाय सुरू! नुसती सायकल. बंद केला — पाय बंद. मग वरची धून एकटीच लावली. ढिम्म! साहेब छताकडे बघत बसले. "बेसवालाच आहेस रे, आत्यावर गेलास," म्हटलं आणि पोट धरून हसले.

वहिनी आल्यावर सांगितलं तर तिचं कौतुक उतू चाललं. "कुकरची शिट्टी होऊ दे, बेल वाजू दे, हा आपला गाढ झोपलेला. गुणाचं गं बाळ!"

९ जून, सोमवार

सापडलं!! इतके दिवस मी मूर्खासारखी आवाज वाढवत होते. बेसचा प्रत्येक सूर इतका लांब की त्याची शेपटी पुढच्या ठोक्यावर पडायची. ठोसा कसला बसतोय! आज सूर कापून आखूड केले. आवाज गाळणारा फिल्टर झटकन उघडायचा, लगेच मिटायचा. ड्रमचा ठोका पडला की बेसने क्षणभर दबायचं, थोरला बोलत असताना धाकट्याने गप्प बसावं तसं. दोन थर काढून टाकले. एकच ठेवला.

मग परीक्षकाला आणलं. जुना बेस लावला, पाय आळसावलेले. नवा लावला — एक सूर, एक लाथ! माझा चहा सांडला. आज फार छान वाटतंय.

११ जून, बुधवार

गुंड्याला लस दिली. वहिनीने डॉक्टरबाईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं, हा कशानेच उठत नाही म्हणून. त्यांनी शुक्रवारी कानाच्या तपासणीला बोलावलंय. डॉक्टरांना काय, शंकाच फार!

१३ जून, शुक्रवार

दुपारीच लिहितेय, राहवत नाही! बुलडोझरचा फोन. "आता बसला ठोसा! उद्या दुसराच ट्रॅक तुझा. समोर उभी राहा, छातीत लागेल." दादाला सांगायचंय, पण ते अजून दवाखान्यातून आले नाहीत. तोवर घरभर एकटीच नाचले. आई म्हणाली, "फरशी फुटेल." फुटू दे!

१४ जून, शनिवार

गुंड्याला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी.

वहिनी कालपासून त्याच्या डोक्यामागे टाळ्या वाजवून बघतेय. आणि मी "ढिम्म" म्हणून हसले होते.

बुलडोझरला कळवलं, तू वाजव, मी येत नाही. संध्याकाळी वहिनीच्या हातातून गुंड्याला घेतलं, माझ्या गादीवर ठेवलं. वहिनीचा तळहात त्याच्याशेजारी गादीवर टेकवला आणि बेस लावला. एक सूर, एक लाथ.

गादीतून ठोका हाताला लागला तसा तिने दुसरा तळहातही टेकवला. मग म्हणाली, "परत लाव."