पंचविसावी जागा

सोमवार, ४ फेब्रुवारी २०१९

बारा वाजून दोन मिनिटांनी फोन. कोचच! यादी बाराला जाहीर होते. दोन मिनिटं दम धरला म्हणजे पुष्कळच.

"लोरीन, लागलो का?"

"नाही, कोच."

"जाऊ दे गं. त्या यादीला विचारतो कोण!" मग खोकला. मग हळूच, "गुण किती पडले?"

"नऊ."

"नऊ? गेल्या सोमवारी सहा होते!"

वडिलांना मी कोच म्हणते. अख्खं मिलर्स फोर्ड गाव म्हणतं, आईसुद्धा म्हणायची. हॅरो कॉलेजची बास्केटबॉल टीम चोवीस वर्षं त्यांच्या हाताखाली होती. आता पंच्याऐंशी वर्षांचे आहेत, नदीकाठच्या वृद्धाश्रमात राहतात. यंदा हॅरोने तेवीसपैकी एकवीस मॅच जिंकल्यात. देशातल्या पहिल्या पंचवीस टीमांच्या यादीत हॅरोचं नाव आजवर एकदाही आलेलं नाही. खाली 'इतर मते' म्हणून बारीक ओळ असते, तिथेच आमचं बस्तान.

यादी चौसष्ट पत्रकारांच्या मतांवरून बनते. त्यातली एक मी. पहिल्या टीमला पंचवीस गुण, पंचविसाव्या टीमला एक. त्या नऊ गुणांत माझा एकही नाही! कोचनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

ड्वेनने केबिनमध्ये बोलावलं. आमचा संपादक, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. मार्चअखेर माझी जागा बंद. जागेबरोबर मतही जाणार.

"वाईट वाटून घेऊ नका. पण आजकाल त्या यादीला अर्थ काय उरलाय, सांगा? राष्ट्रीय स्पर्धेत कुणाला घ्यायचं ते समिती ठरवते. तुमची यादी नुसती शोभेची."

बरोबर बोलला. म्हणूनच जास्त राग आला.

रविवार, १० फेब्रुवारी

मत पाठवलं. पाच मिनिटांचं काम झालंय हल्ली. आणि पुढच्या मिनिटाला जगजाहीर! कुणी कुणाला कितवं ठेवलं ते सगळं लोकांना दिसतं. केंटकीच्या एका पोराने माझं मत पाहून लिहिलंय, "आजींना कुणीतरी चष्मा द्या." गेल्या रविवारी 'आजींना घरी बसवा' होतं, म्हणजे सुधारणा आहे.

पूर्वी रविवार केवढा मोठा असायचा! चर्चहून आलं की आईचं तळलेलं चिकन, मग टेबल पुसून त्यावर सात-आठ वर्तमानपत्रं. पश्चिमेकडच्या मॅच उशिरा संपायच्या, त्यांचे आकडे छापूनच यायचे नाहीत. चार वाजता वृत्तसंस्थेत फोन करायचा आणि वीस नावं वाचून दाखवायची. तेव्हा यादी विसांचीच होती. पलीकडे मिस पर्ल. "हळू गं बाई, पेन्सिल एकच आहे माझ्याकडे." कोण कुणाला मत देतं ते मिस पर्ल आणि देव, दोघांनाच ठाऊक.

त्याच्याही आधी, मी आठ-नऊ वर्षांची असताना, कोच मला गाडीत घालून कब्रस्तानामागच्या टेकडीवर न्यायचे. तिथे सेंट लुईसचं रेडिओ स्टेशन लागायचं, हवा चांगली असली तर पिट्सबर्गचंही. मी चर्चच्या पत्रकामागे गुण मांडायची. गाडीचा हीटर बिघडलेला, पायांवर एकच घोंगडी, खरखर ऐकत दोघं गप्प बसलेले. न पाहिलेल्या टीमा मला तिथे अगदी डोळ्यांसमोर दिसायच्या. आज घरबसल्या एकूण एक मॅच बघता येते. तितकं काही दिसत नाही.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाल्या, कोचचं हृदय थकलंय. उन्हाळ्याचं काही सांगत नाही, म्हणाल्या. कोचनी त्यांना विचारलं, "मार्चचं तरी सांगाल?"

रविवार, १७ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. अडतीस वर्षं कुठे लिहिलं नाही, नवऱ्यालाही बोलले नाही, आणि तोही गेला.

फेब्रुवारी १९८१. मी पंचवीस वर्षांची, मत मिळून तीन महिने झालेले. राज्यात मत असलेली एकटी बाई, वर कोचची मुलगी! प्रेस रूममध्ये माझ्यासमोर बोलायचे, "बघा हं, ही बाबांना पहिला नंबर देणार." त्या वर्षी हॅरो चोवीस मॅच जिंकली होती, हरली दोन. माझ्या कागदावर हॅरो अठरावी होती. पेन्सिलने स्वच्छ लिहिलं होतं. फोन उचलला आणि खोडलं. विसावी म्हणून डोंगरांपलीकडची एक टीम घातली, जिची एक मॅच मी पाहिलेली नव्हती. मिस पर्लला वाचून दाखवताना आवाज कापलासुद्धा नाही.

सोमवारी यादी आली. हॅरो दोन गुणांनी हुकली. माझ्या अठराव्याला तीन गुण होते!

त्या साली स्पर्धेचं बोलावणंही आलं नाही. यादीत नसलेल्यांना कोण बोलावणार, असं गावात सगळे म्हणाले. आईने गावजेवणासाठी आणलेले कागदी झेंडे परत खोक्यात भरले. कोच म्हणाले, "याद्यांनी काय होतंय!" आणि परसात जाऊन लाकडं फोडत बसले. दोन वर्षांनी त्यांनी टीम सोडली. मला वाटतं माझ्यामुळे. मला नेहमीच तसं वाटत आलंय.

सोमवार, २५ फेब्रुवारी

एकोणतीस गुण. सव्विसावे! "आता एकच पायरी," कोच म्हणाले. आवाज बारीक झालाय.

शनिवार, २ मार्च

कोचना चाकाच्या खुर्चीतून मॅचला नेलं. कॉलेजच्या जुन्या जिममध्ये पॉपकॉर्नचा तोच वास, बाकं तशीच करकरणारी. आम्ही आत शिरलो तर अख्खं जिम उभं राहिलं! कोच मला म्हणतात, "राष्ट्रगीत सुरू झालं काय?"

हॅरो एका गुणाने जिंकली. शेवटच्या तीन सेकंदांत. कोचनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठलाय.

परतताना गाडीत म्हणाले, "पोरं चांगली आहेत. डावीकडून मार खातात पण."

बरोबर आहे. डावी बाजू कच्चीच आहे. आणि सगळे विजय लेच्यापेच्या टीमांवरचे.

रविवार, ३ मार्च

सकाळपासून चारदा यादी केली. चारही वेळा हॅरो सव्विसावी. खरं सांगते, या पानाशी कशाला खोटं बोलू? सव्विसावीच. पंचविसावी ओहायोची कॅल्डर स्टेट. कॅल्डरच्या अकरा मॅच पाहिल्यात मी या वर्षी, आणि ती सरस आहे.

एकदा भिऊन खोटं मत दिलं. आता मायेपोटी द्यायचं? फिट्टंफाट होते का अशाने?

दुपारी दोन वाजता कॅल्डर काढली. हॅरोला बाविसावा नंबर दिला. पाठवलं. मग बराच वेळ हात धूत बसले.

सोमवार, ४ मार्च

पंचविसावी हॅरो कॉलेज!!

या खेपेला फोन मी केला. पलीकडे इतका गोंगाट की काही कळेना. वृद्धाश्रमातल्या समस्त म्हाताऱ्यांनी म्हणे चमच्यांनी टेबलं बडवली, स्वयंपाकिणीने शुगर क्रीम पाय, तो सायसाखरेचा गोड पदार्थ, गरमागरम कापला. कोच फोनवर आले. मग म्हणाले, "वेरा हवी होती." आईचं नाव त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मी इकडे ढसाढसा रडले.

मग सवयीने विचारलंच त्यांनी. "सव्विसावं कोण?"

"कॅल्डर स्टेट."

"कितीने?"

"तीन गुणांनी."

"तू किती दिलेस?"

"चार."

"हं," म्हणाले. "ताटलीतला क्रीम पाय गार होतोय." फोन ठेवला.

मंगळवार, ५ मार्च

जाऊन सगळं सांगितलं. १९८१. पेन्सिल, खोडलेलं अठरा, न पाहिलेली टीम. आणि रविवारी काढलेली कॅल्डर. अडतीस वर्षांचं ओझं, दहा मिनिटांत संपलं सांगून. म्हटलं, "परवा ते फेडलं, कोच. आता मला माफ करा."

रागावले असते तर बरं झालं असतं.

"उद्या ये," म्हणाले. "मला विचार करू दे."

बुधवार, ६ मार्च

गेले. दाढी करून, सदरा घालून बसले होते.

"त्या वेळी प्रशिक्षकांचीही निराळी यादी निघायची," म्हणाले. "त्यात मलाही मत होतं. गुप्तच. मीही आपल्याला घेतलं नव्हतं, लोरीन. माझ्या हिशेबाने आपण एकविसावे होतो. लिहायला जागा विसांनाच."

मी म्हटलं, "पण मला अठरावे वाटला होतात!"

"लेक होतीस. तुला अठरावे वाटणारच." माझा हात हातात घेतला. "तू तेव्हा घाबरून का होईना, बरोबर केलंस. चुकलीस ती रविवारी."

मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले.

"त्या कॅल्डरच्या कोचचा नंबर शोध," म्हणाले. "माफी मी मागतो. तू नको, तू रडशील."