मास्क की नळी?

४ तारीख, सोमवार

पुन्हा तेच! अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी लिहिलंय, ‘व्हेंटिलेटरवर ठेवले.’ कसं? तोंडावर मास्क लावून, की घशात नळी घालून? रुग्ण गेल्यावर फाईल वाचून बिलासाठी प्रत्येक उपचाराचा ठरलेला कोड मी लावायचा, आणि या दोन्हींचे कोड वेगळे. फोन केला. “शास्त्रीबाई, मशीन एकच असतं हो!” (संस्कृतात एम.ए. केल्याची ही शिक्षा.) मशीन एक असेल, घसा ज्याचा त्याचा! शास्त्रात प्राण पाचच. आमच्या यादीत श्वास पुरवण्याचे प्रकार त्याहून जास्त — आणि डॉक्टरांना त्यातला एकही धड लिहवत नाही.

६ तारीख, बुधवार

दादाला धाप लागली. आमच्याच हॉस्पिटलात आणलं. स्ट्रेचरवरून माझं मनगट धरून म्हणाला, “नळी घालू देऊ नकोस.” बाबांचे शेवटचे दिवस आठवले असणार — घशात नळी, आणि ती काढल्यावरही बसलेला आवाज.

वहिनी बाहेर बाकावर. “वन्सं, नर्स म्हणाली व्हेंटिलेटरवर ठेवलंय. म्हणजे संपलंच का हो?”

“मास्क की नळी?”

“मला काय ठाऊक! तिनं दारच लावून घेतलं.”

७ तारीख, गुरुवार

नात्यातल्याची फाईल उघडायची नाही, असा नियम. दोनदा बोट बटणापर्यंत नेलं, दोनदा मागे घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत वर गेले. डॉक्टर दारातच भेटले. “प्रयत्न चालू आहेत,” एवढंच. शास्त्रीबाई म्हणाले नाहीत! रोज त्यांना छळणारा प्रश्न जिभेवर होता — विचारवला नाही.

८ तारीख, शुक्रवार

सकाळच्या कामाच्या यादीत दादाचं नाव! आमच्याकडे फाईल येते ती माणूस हॉस्पिटलातून गेल्यावरच. घरी, नाहीतर — आणि दादा घरी जाण्याजोगा कुठे होता?

वहिनी फोन उचलेना. जिना कसा चढले, आठवत नाही. त्याची खाट रिकामी. चादरसुद्धा बदललेली.

८, दुपार

साध्या वॉर्डात हलवलाय! वरच्या कारकुनानं संगणकावर ‘वॉर्ड बदलला’ ऐवजी ‘रुग्ण गेला’ नोंदवून टाकलं. त्याच्याशी नंतर भांडेन.

मी दारात, चौकटीला धरून. दादा उशीला टेकून बसलेला. “अगं, केवढ्या धापा टाकतेस! माझा मास्क देऊ?”

आवाज खणखणीत.